एका वेळी एकच डबा

९ सप्टेंबर

गार्थ आला होता. विम्याचा. कॉफी घेतली, रानातल्या हकलबेऱ्या घालून केलेल्या गोड पायचे दोन तुकडे हाणले, मग बॅग उघडली. जुन्या कंपनीने आमच्या दरीतून गाशा गुंडाळलाय — वणव्यांना कंटाळून. आता घराचा विमा नव्या कंपनीकडे. नवी कंपनी म्हणजे नव्या चौकशा. छप्पर कशाचं, झाडं भिंतीपासून किती लांब, कुत्रा चावरा आहे का. कुत्रा मेला म्हटलं, आता घरात माझा नवराच चावतो, ऑरिन.

मग म्हणाला, "घरी काडतुसं भरता का?"

गार्थला काय माहीत नाही होय! दर वर्षी शिकारीच्या हंगामाआधी ऑरिनने भरलेल्या काडतुसांचा डबा काखोटीला मारून जातो की मेला. पण प्रश्न कंपनीचा, विचारावा लागतो. मी म्हणणार होते, आता बंद केलंय — पण तोंड उघडेपर्यंत ऑरिन बोलून मोकळा. "भरतो का? अरे, अर्ध्या दरीला पुरवतो!"

गार्थला ठसका लागला. "काका, अर्ध्या दरीला म्हणू नका. तो धंदा होतो. धंदा म्हटलं की कंपनी हात वर करते. घरच्यापुरतं, हौस म्हणून — असं लिहितो."

"धंदा कसला? कुणाकडून छदाम घेत नाही मी."

"एल्क हरणाचं मांस घेता की."

"लोक दारात ठेवून जातात. मी काय करू, परत जंगलात सोडून येऊ?"

दोघं खो खो हसले. मीही हसले. पण मनात म्हटलं, देवा, कंपनीला नाही म्हणू दे. घरात बारूद असेल तर विमा मिळणार नाही, असं ठणकावून सांगू दे. मग ऑरिनला बंद करावंच लागेल, आणि बंद करायला लावणारी मी नसेन.

विमा मिळू नये म्हणून देवाला साकडं घालणारी अख्ख्या मोंटानात मी एकटीच असेन!

१० सप्टेंबर

सकाळी म्हणाला, "क्लाइडला फोन लावतो." क्लाइड, त्याचा जिवलग दोस्त, जाऊन तीन वर्षं झाली. मी म्हटलं, नंतर लाव.

१२ सप्टेंबर

कपड्यांच्या दोरीखालचं गवत बघून वैताग आलाय. सगळं अंगण वाळून पापड झालंय, आणि दोरीखालचा पट्टा हिरवागार — तोही गडद, मांजर लपेल एवढा उंच. नक्की संडासाची टाकी झिरपतेय. गार्थला विचारलं, टाकीचा खर्च विम्यात बसतो का. नाही म्हणे. बसेल कसा!

ऑरिनला म्हटलं, खणून बघ जरा. तर म्हणतो, "गवत हिरवं आहे त्यात तुझं काय बिघडलं?"

१३ सप्टेंबर

चर्चच्या पायरीवर बर्नाडीन भेटली — क्लाइडची बायको. "ऑरिन कसा आहे गं?" मजेत आहे म्हटलं. धडधडीत खोटं, तेही चर्चच्या पायरीवर!

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय?

एप्रिलमध्ये एकदा त्याला जेवायला बोलवायला गॅरेजमध्ये गेले. दार उघडंच होतं. त्याच्या टेबलावर बारुदीचे दोन डबे. दोन! लग्न झाल्यापासून मी एकच नियम ऐकत आलेय — टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा हवा असेल तर पहिल्याचं झाकण लागून तो कपाटात गेला पाहिजे. कारण बारूद दिसायला सारखीच, पण एक सावकाश पेटते आणि दुसरी भसकन. सावकाशीच्या जागी भसकनवाली भरली तर बंदूक हातातच फुटते. आणि बंदुकीला गाल टेकलेला असतो. डोळा तिथेच असतो.

ऑरिन बारूद मोजायचं भांडं हातात धरून उभा होता. त्यात आदल्या दिवशीची बारूद राहिलेली. ती कुठल्या डब्यातली, हेच त्याला आठवत नव्हतं. या डब्याकडे बघे, त्या डब्याकडे बघे. ओठ हलत होते. मी पाय न वाजवता मागे फिरले आणि स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो राजे, जेवायला चला!"

काय केलं त्याने त्या बारुदीचं? या डब्यात ओतली की त्या? मी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही. कसं विचारायचं? ज्याच्या हाताची काडतुसं लोक डोळे मिटून वापरतात, त्याला विचारायचं की बाबा रे, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?

त्यानंतर रोज दुपारी गॅरेजमधून काडतुसं भरायच्या यंत्राच्या दांड्याचा आवाज येतोच आहे. खट्. खट्. खट्. फळीवर डबे रचलेत, प्रत्येकावर नाव. सगळ्यात वरच्यावर 'जोलीन'. माझी एकुलती एक लेक! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं — अशी गत झालीय माझी.

१५ सप्टेंबर

दूध भांड्यांच्या कपाटात. साखर फ्रीजमध्ये. दोन्ही उचलून जागेवर ठेवलं.

२३ सप्टेंबर

बिलिंग्जहून कंपनीची तपासनीस आली होती. ब्रिन नाव. तरुण पोर, पायात कोरे बूट. म्हटलं चला, हिला तरी भीती वाटेल. गॅरेजमध्ये शिरली. भिंतीवर खाचा-खाचांत काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, टेबलावर दांड्याचं यंत्र, तराजू, डब्या भरून टिकल्या — पुंगळ्यांच्या बुडाला ठिणगी पाडायला बसवतात त्या. हिचा फोटोंचा सपाटा. बारुदीच्या लाकडी कपाटाजवळ थांबली आणि म्हणाली, "हे लोखंडी तिजोरीत ठेवलं असतं तर सुरक्षित नाही का?"

मला वाटलं, झालं, आता जमलं.

ऑरिनने तिला स्टूल दिलं. "बस पोरी. नीट ऐक. मोकळ्यावर बारूद पेटली तर भुर्रकन जळून जाते, संपलं. तीच लोखंडात कोंड आणि मग पेटव — अर्धं गाव उडेल. म्हणून लाकूड. तेही पातळ. खिळे कमी. आग लागलीच तर कपाटाने लगेच फुटायला हवं. तिजोरी बंदुकांसाठी असते, बारुदीसाठी नव्हे. तुझ्या साहेबांना सांग, ऑरिन ट्वेटने सांगितलंय म्हणावं."

ती लिहून घेत होती! मग म्हणाली, डबे बघू. ऑरिनने कपाटाचं दार उघडलं, पण हात आडवा धरला. "लांबून बघ. एका वेळी एकच डबा बाहेर येतो आणि आज मी भरत नाहीये." तिने लांबूनच फोटो काढले. डबे ओळीत, नावं समोर, शिस्तीत उभे. जाताना मला म्हणते, "इतकं व्यवस्थित कपाट मी कुठे पाहिलं नाही. नशीबवान आहात."

नशीबवान! तिने त्याला काल रात्री काय जेवलास एवढंच विचारायला हवं होतं.

तिच्यापुढे एक चूक केली नाही त्याने. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर फार अभिमान वाटला. मग रडू आलं.

३० सप्टेंबर

राहवलं नाही. गार्थला फोन केला. "तुझ्या कंपनीला नाही म्हणायला सांग."

"काय झालं काकू? गॅरेज हवंय का शिवणाच्या मशीनला? माझ्या आईचं पण हेच चाललेलं असतं."

"गार्थ, तुझे काका विसरायला लागलेत रे."

म्हणाला, "वय झालं काकू. माझे आजोबा पण विसरायचे."

"तुझे आजोबा बटाटे लावायचे. बटाटा चुकला तर कुणाचा हात जात नाही."

"खरंय. पण मी काय लिहू? बारूद किती, कुठल्या डब्यात, कुठल्या कपाटात — एवढंच विचारतात ते. विसरण्याला रकानाच नाहीये."

"आणि समजा जोलीनच्या बंदुकीत फुटलं? तिचा डोळा गेला?"

"ती आता तुमच्या घरात राहत नाही ना?"

"नाही."

लगेच आवाज खुलला त्याचा. "मग मिळतील पैसे! घरातल्याला इजा झाली तर नाही देत. बाहेरच्याला झाली तर देतात."

मिळतील म्हणे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी विचारलं, "तू घेणारेस का यंदा काकांचा डबा?"

"म्हणजे काय काकू! घेणा—" आणि थांबला. मग हळूच म्हणाला, "बघतो."

५ ऑक्टोबर

डॉक्टरची वेळ मिळाली. जानेवारीत! ऑरिन म्हणतो, जानेवारीच्या बर्फात मला कुठे नेऊन पुरणारेस?

८ ऑक्टोबर

केस कापायला म्हणून गावात गेला. दुपार टळल्यावर आला — केस तसेच! गॅरेजच्या दारानेच आत शिरला. मी विचारलं, "न्हावी मेला का?" तर स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसला. "राहिलंच की गं!"

घरून निघून केस कापायचेच विसरतो. आणि हा माणूस तराजूवर बारूद मोजतोय. मला काही सुचत नाही. डबे उचलून नदीत टाकावेत, असं कितीदा मनात आलं. पण मग त्याला वाटेल, आपणच कुठेतरी ठेवून विसरलो. घरभर शोधत बसेल. तसलं पाप माझ्याने व्हायचं नाही.

११ ऑक्टोबर

आजचा दिवस किती छान! पहिल्यासारखा होता. पॅनकेक केले त्याने, जळू न देता. मग ओट्याला टेकून क्लाइडच्या गोष्टी. क्लाइड गेलाय हे आज पक्कं ठाऊक होतं.

म्हणाला, "त्याचे डबे मीच रिकामे केले, आठवतं?" आठवतं तर! हे काडतुसं भरणारे लोक आपल्यातला कुणी गेला की त्याच्या शेडमधली बारूद वापरत नाहीत. डब्यावर जे लिहिलंय तेच आत आहे, ही खात्री फक्त भरणाऱ्याची. तोच गेला की संपलं. मग जवळच्या मित्राने जायचं आणि सगळी बारूद जमिनीवर पातळ पसरून टाकायची. मातीत जिरून जाते. ऑरिनने क्लाइडचा डबा न् डबा उपडा केला होता, बर्नाडीनच्या गुलाबांत. मी गाडीत बसून बघत होते. गडी ढसाढसा रडत होता. पुढल्या उन्हाळ्यात गुलाब असे माजले की बर्नाडीन लाजून सगळ्यांना वाटत सुटली.

"माझे कोण करील गं रिकामे?" ऑरिनने विचारलं. "क्लाइड तर पुढे गेला."

मी म्हटलं, "मी करीन. आत्ताच करते, चल. आणि कायमचं बंद कर."

चेष्टेतच म्हटलं. पण मनात 'हो म्हण, हो म्हण' चाललं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "पॅनकेक गार होतायत, मार्ली."

१६ ऑक्टोबर

गार्थचा फोन. "काकू, मंजूर! बारुदीसकट. वेगळी पुरवणी जोडलीय पॉलिसीला, आता कसली काळजी नाही."

ऑरिनने ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "बघ! कंपनीला कळतं, तुला कळत नाही."

देवाने माझं एक मागणं ऐकलं नाही. सगळा डोंगर आमच्या बाजूने पेटला तरी आता विमा आहे आमच्याकडे. आणि खट्-खट् चालूच आहे.

२३ ऑक्टोबर

उद्या हंगाम उघडतो. जोलीन डबा न्यायला आली, रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीची ड्यूटी संपवून थेट. मी तिला स्वयंपाकघरात ओढली आणि सगळं सांगितलं. एप्रिल, दोन डबे, मोजायचं भांडं.

ना टोपी काढली तिने, ना खुर्चीत बसली. "आई, मी बारा वर्षांची असल्यापासून बाबांनी भरलेलीच वापरते."

"तेव्हा बाबांना कालचं आज आठवत होतं."

"विचारलंस त्यांना?"

"नाही."

"सहा महिने झाले आई! आणि तू विचारलं नाहीस?"

"तू विचार ना मग!"

तिनेही विचारलं नाही. आपलेच दात आपलेच ओठ. तेवढ्यात ऑरिन डबा घेऊन आला. दर वर्षीचं तेच वाक्य. "थंडीत जरा खाली मारतं, नेम बोटभर वर धर." ते मात्र विसरला नाही. जोलीनने डबा घेतला, त्याच्या गालाची पापी घेतली.

दारापर्यंत गेली आणि मला राहवेना. मोठ्यांदा म्हणाले, "ठेव तो. यंदा दुकानातली घे!"

ऑरिन वळला. "दुकानातली? घरात चूल पेटलेली असताना पोरीला हॉटेलात जेवायला पाठवतेस?"

बोलला, पण आवाजात जोर नव्हता. माझ्याकडे बघत राहिला. मग गॅरेजमध्ये गेला. आज दांड्याचा आवाज आला नाही. जोलीन डबा घेऊन गेली.

मी काय केलं? भांडी घासली.

२४ ऑक्टोबर

सकाळ. दरीत बार वाजतायत. एक बार झाला की माझा हात थांबतो. दुसरा वाजेपर्यंत थांबलेलाच.

ऑरिन खिडकीशी. कॉफी पितोय, शीळ घालतोय! एवढा निवांत कसा हा? त्याला आठवत तरी आहे का, पोर कुठे गेलीय?

दुपार. फोन नाही. डोंगरात फोन लागत नाहीच, पण मी दर थोड्या वेळाने उचलून बघते.

आली! आली बाई! गाडीत मागे हरीण, दोन्ही हात जागेवर, दोन्ही डोळे जागेवर. मी तिच्या गळ्यात पडून रडले, तिला वाटलं मला हरणाचं वाईट वाटतंय की काय. "एका गोळीत, बाबा!" ऑरिन नुसता मान हलवत होता, डोळे भरलेले.

तो हरणाकडे गेल्यावर जोलीनने खिशातून पुंगळी काढून माझ्या हातावर ठेवली. "आई, बूड बघ."

टिकलीभोवती लाल लाखेचं बारीक कडं. कारखान्यात लावतात ते. ऑरिन जन्मात कधी लावत नाही.

"डब्यातली सगळी अशीच आहेत," ती म्हणाली. "दुकानातली. डबा बाबांचा, अक्षर बाबांचं, आतला माल दुकानातला. मी काल रात्रीच बघितलं. सकाळी निघताना तुला फोन लावणार होते, पण बाबाच उचलतील म्हणून राहिलं. त्यांना नको बोलूस काही."

म्हणजे त्या दिवशी न्हाव्याकडे गेलाच नव्हता! दुकानात गेला होता. टिकल्या संपल्या असतील आणि कबूल करायची लाज वाटली असेल. काही का असेना, माझी पोर वाचली. पण कपाट तर भरलेलंच आहे. यंदा टळलं. पुढच्या वर्षी काय?

२६ ऑक्टोबर

जोलीन ऑरिनला खरोखरीच न्हाव्याकडे घेऊन गेली. मी गॅरेजमध्ये गेले. म्हटलं, आज स्वतःच कपाट रिकामं करायचं, काय व्हायचं ते होऊ दे. पहिला डबा उचलला आणि तो हाताला लागलाच नाही, इतका हलका.

सगळे रिकामे. धुतलेले, वाळवलेले, झाकणं घट्ट लावून नावं समोर करून ठेवलेले. टेबलावर पुंगळ्यांत शिसं बसवलेलं — खाली टिकली नाही, आत बारुदीचा कण नाही. बसवतो, काढतो, परत बसवतो. मला खट्-खट् ऐकू यावं म्हणून!

कपड्यांच्या दोरीखालचं गवत. अगं बाई, दोरीखालचं गवत! तिथे ओतलीय बारूद, एप्रिलमध्येच. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी. क्लाइडचं केलं तेच. त्याला माझ्या आधी कळलं होतं, आणि गाडीत बसून बघायलाही कुणी नव्हतं.

गार्थचा फोन आला. "काकू, बारुदीची पुरवणी नको असेल तर अजून काढता येईल." राहू दे म्हटलं, चालू ठेव.

ते आले. खट्. खट्. कॉफी घेऊन जाते. आधी दार वाजवीन.